रायफल न्हय, बंदूक

आचारसंहिता लागली की आठवडाभरात तळकोकणातल्या पोलीस ठाण्यांच्या पडवीत बंदुका जमा करणाऱ्यांची एक रांग लागते. हातात पिशवी, पिशवीत परवान्याचं पुस्तक, आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली बंदूक. २०२४च्या मार्चात अशाच एका रांगेतून सत्तरी ओलांडलेला एक शेतकरी टेबलापाशी पोचला. हवालदाराने वहीतून मान वर न करताच विचारलं, "भरलेली नाय ना?" म्हातारा काही बोलला नाही. त्याने नळीखालचा लोखंडी गज ओढून काढला, नळीच्या तोंडात धरला आणि सोडून दिला. आतून टण्णकन आवाज आला. हवालदाराने मान डोलावली आणि लिहिलं : रायफल, नग १. म्हाताऱ्याने वहीत वाकून पाहिलं. "हवालदारानू, रायफल न्हय ती. बंदूक. ठासणीची." "एकच ओ काका. सही करा." म्हाताऱ्याने पेन घेतलं, पण सही केली नाही. मागची रांग चुळबुळायला लागली.

एकच?

हवालदाराचा दोष नाही. वर्तमानपत्रं रायफल, बंदूक, पिस्तूल एकाच ओळीत अदलाबदली करून वापरतात, आणि आपणही वाचताना अडखळत नाही. पण म्हातारा अडला होता तो शब्दाच्या शुद्धीसाठी नव्हे. हातातल्या लोखंडाच्या आत काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. आणि आपल्याकडे कोणाच्या हातात कोणतं हत्यार असावं याचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा सगळा वाद त्या नळीच्या आतच होऊन गेला आहे.

आधी तो आवाज. ठासणीच्या बंदुकीला मागून उघडायचं तोंड नसतं. जे जायचं ते पुढूनच जातं : तळाला दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, गजाने ठासणं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. त्यामुळे बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. गज हीच तिची नाडी. रिकाम्या नळीत गज तळाच्या लोखंडावर आपटतो आणि घंटेसारखा वाजतो. भरलेली असेल तर तो बोळ्यावर थपकन बसतो, आणि चार-पाच बोटं जास्त बाहेर राहतो. जाणती माणसं गजावर कानशीने एक खूण करून ठेवतात, रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथे. खूण नळीच्या ओठाला टेकली तर रिकामी. आणि भरलेली निघाली तर? गजाच्या टोकाला मळसूत्री पेच लावून बोळा ओढून काढता येतो, पण दारूवर लोखंड घासायचं काम कोणाला आवडत नाही. म्हणून बहुतेक जण बांधाच्या मातीवर बार काढूनच ठाण्याची वाट धरतात. बार शब्द आपण सभेतल्या भाषणाला आणि पडलेल्या नाटकालाही सर्रास लावतो. फुसका बार मात्र ज्याने शेतात ऐकला आहे, त्याला तो शब्द विनोदी वाटत नाही. केप, म्हणजे घोड्याखालची दारू पेटवणारी लहान टोपी, फुटते, टिचकन आवाज येतो, पुढे शांतता. पावसाळ्यात दारू ओल धरते. ठिणगी तिच्यापर्यंत पोचलेली असते पण पेट घ्यायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्या वेळात माणूस बंदूक खाली करून नळीत डोकावायला जातो. अशा वेळी तोंड समोर मातीकडे धरून निदान मिनिटभर तसंच उभं राहायचं असतं. ते मिनिट फार मोठं असतं.

दुसरी चूक घाईची. छर्रे दारूपर्यंत ठासलेच नाहीत, मध्ये पोकळी राहिली, तर नळी त्या जागी फुगते, कधी फाटते. तिसरी विसराळूपणाची : गज नळीतच राहतो आणि छर्ऱ्यांबरोबर तोही जातो. चौथी सगळ्यांत नवलाची, भरलेलीवरच पुन्हा भरणं. १८६३ साली अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या आणि त्यांपैकी किमान निम्म्यांत एकाहून जास्त बार होते. एका नळीत तर २३ बार एकावर एक बसवलेले सापडले. गोंगाटात केप उडाली नाही हे शिपायाला कळत नव्हतं. हात कवायतीप्रमाणे ठासत राहिले होते.

आणि धुणं. काळी दारू जळल्यावर अर्ध्याहून अधिक वजनाची राखच मागे उरते, आणि त्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढून रात्रीतून लोखंड खातात. पुष्कळ जण रॉकेलचा बोळा फिरवतात, नळी चकचकीत दिसते आणि समाधान होतं. क्षार रॉकेलात विरघळत नाहीत, ते पाण्यातच विरघळतात. म्हणून त्याच संध्याकाळी कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. कोकणात जुन्या बंदुका बहुतेक गंजून मरतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी या रॉकेलाच्या समाधानाने.

आता रायफल. फरक एवढाच, की नळीच्या आत मळसूत्रासारख्या पीळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांना धरून फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्वतःच्या अक्षावर स्थिर राहते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी मोकळी असते, ती जाता जाता वाट बदलते. इंग्रजांच्या जुन्या ब्राउन बेस बंदुकीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून चांगली सैल; ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरून ती मारणं म्हणजे नशिबाचा खेळ. खाचांची युक्ती फार जुनी, पण तिच्यासाठी गोळी नळीला घट्ट बसावी लागते, आणि घट्ट गोळी पुढून ठोकत आत न्यायची तर एका बाराला मिनिट-दीड मिनिट जातं. ही अडचण १८४९मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने सोडवली. गोळी थोडी बारीक, बुडाशी पोकळ. ती सहज आत सरकते, आणि दारू पेटली की बूड फुगून खाचांत रुतते. १८५३ची एन्फिल्ड याच तत्त्वावर बेतलेली : ०.५७७ इंच व्यास, ३९ इंचांची नळी, तीन खाचा आणि ७८ इंचांत एक फेरा. म्हणजे नळीतून सुटेपर्यंत गोळी नेमकी अर्धाच फेरा घेते. तेवढ्या अर्ध्या फेऱ्यावर तीनशे यार्डांवरचा माणूस मारता येऊ लागला.

पुढचं आपण शाळेत वाचलंय. मंगल पांडे, चरबी, दातांनी तोडायची काडतुसं. पण चरबी तिथे होतीच कशाला? काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. एका बाजूला अडीच ड्रॅम, साधारण साडेचार ग्रॅम दारू, दुसऱ्या बाजूला गोळी. कागद फाडून दारू ओतायची, पुंगळी उलटी करून गोळी कागदासकट नळीत घालायची. तो कागद खाचांत सरकावा आणि आधीच्या बारांची राख मऊ पडावी, म्हणून गोळीकडचं टोक वंगणात बुडवलेलं. वंगणाविना पाच-दहा बारांत नळी इतकी तुंबते की गज खाली जात नाही. गुळगुळीत नळीतल्या सैल गोळीला एवढे लाड लागत नसत. म्हणजे शिपायाच्या ओठापर्यंत चरबी आली ती त्या तीन खाचांमुळे. सरकारने पुढे तूप आणि मेण स्वतःच लावा म्हटलं, दातांऐवजी हाताने फाडा म्हटलं. वेळ निघून गेली होती.

उठाव मोडल्यावर काय केलं, ते मात्र शाळेत शिकवत नाहीत. हिंदी पलटणींना नवी बंदूक दिली ती दिसायला हुबेहूब एन्फिल्ड. तोच दस्ता, तोच घोडा, तशाच पट्ट्या. आतून मात्र खाचा नाहीत. नळी रुंद करून गुळगुळीत केलेली. संचलनात गोरा आणि काळा शिपाई शेजारी उभे राहिले तर लांबून फरक कळू नये, आणि समोरासमोर आले तर लगेच कळावा. पुढेही दर वेळी हिंदी फौज एक हत्यार मागे राहिली. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा यांच्या हाती त्यांची जुनी स्नायडर. अविश्वास इतक्या नेमक्या मापाने, यंत्रावर कातून दिलेला क्वचितच कुठे सापडेल.

फौजेच्या बाहेर व्हाइसरॉय लिटनने १८७८चा शस्त्र कायदा आणला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली आला. युरोपियनांना सूट, इतरांना परवाना. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध ठराव केले. आणि गांधींनी गुजरातेत खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचं लिहिलं. अहिंसेच्या माणसाचं हे वाक्य आजही बंदूकप्रेमी मंडळी भिंतीवर लावतात. त्याच्या पुढचं-मागचं कोणी लावत नाही. १९३१च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, नियमांच्या चौकटीत का होईना. मग डिसेंबर १९४८. घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. काँग्रेसनेच इतकी वर्षं मागितलेली गोष्ट होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परक्या सरकारविरुद्ध मागणी करणं वेगळं आणि आता परिस्थिती वेगळी, असा त्यांचा सूर होता. हक्क एकदा दिला की चोर-दरोडेखोरही तो मागायला येतील. दुरुस्ती पडली. अमेरिकेत १७९१पासून जे घटनेत आहे ते आपल्याकडे असं एका चर्चेत बाहेर राहिलं, आणि त्यावर फारसं कोणी हळहळलं नाही. हळहळावं असंही नाही. तरी ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं एक मागणी लावून धरली, त्यांना सत्ता हाती येताच ती इतकी परकी वाटावी, हे वाचताना थोडं खटकतं खरं.

कायद्याने बंदुकीचा चाप किती आवळला हे पाहायचं तर मापांकडे बघावं. लष्कराचं माप नागरिकाला नाही, हा नियम इंग्रजांचा. १९०७च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानात ०.४५० इंच व्यासाच्या रायफली बंद केल्या, कारण मार्टिनीची गोळी त्याच व्यासाची. तर इंग्लंडातल्या कारखानदारांनी शिकाऱ्यांसाठी ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी नवीच मापं काढली. .३०३ही लष्कराचीच, म्हणून नागरिकांसाठी .३१५ आली. सांगाडा तोच ली-एन्फिल्डचा, नळी वेगळी. एकीचं काडतूस दुसरीला चालत नाही. स्वातंत्र्यानंतर हीच .३१५ इछापूरच्या सरकारी कारखान्यात होत राहिली आणि .३०३ निषिद्ध बोअरच्या, म्हणजे नागरिकाला मनाई असलेल्या नळीच्या मापांच्या, यादीत राहिली. आज कोणी बँकेच्या दारात उभ्या वॉचमनच्या हातातल्या दुनळीकडे बघून बारा बोअर म्हणतो, तेव्हा तो नकळत एक जुनं वजन बोलत असतो : एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक जेवढ्या नळीत बसेल ती बारा बोअर. गोळी जवळजवळ अडतीस ग्रॅमची, नळी साडेअठरा मिलिमीटरची. तिच्या काडतुसांच्या पितळी बुडावर के.एफ. दिसलं तर ते खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे.

१९५९चा कायदा, जो १९६२मध्ये लागू झाला, त्याच्या तेराव्या कलमात एक गंमत आहे. परवाना अधिकाऱ्याने कोणाला तो द्यावाच, हे सांगताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, गुळगुळीत नळीची बंदूक. आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ठासणीची पुरत नाही अशी खात्री पटली तर दुसरी कोणतीही, पण तीही गुळगुळीत नळीचीच. शेतकऱ्याने रायफल मागायची तर 'पुरेसं कारण' दाखवा. म्हणजे परवान्याच्या पुस्तकात एस.बी.एम.एल. ही चार अक्षरं असतात (एकनळी, पुढून भरायची), ती कायद्याच्या उतरंडीतली सर्वांत खालची, म्हणून सर्वांत विश्वासाची पायरी. त्या पुस्तकात क्षेत्रही लिहिलेलं असतं. राखणीची बंदूक राखणीच्या हद्दीत. म्हाताऱ्याची सही अडली होती ती इथे. रायफल लिहिलेल्या पावतीवर सही करायची, म्हणजे आपल्याकडे परवान्यात नसलेलं हत्यार होतं असं स्वतःच लिहून द्यायचं.

शेतातलं चित्र मात्र कायद्याइतकं सरळ नाही. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवून जातो, नवी माडाची रोपं मुळासकट उकरतो. माकडं शहाळी पोखरून खाली टाकतात, एक पितात आणि दहा पाडतात. बंदूक यांना मारण्यासाठी आहे असं बाहेरच्याला वाटतं. मारायचं तर वन्यजीव कायदा आहे, वनखात्याची परवानगी आहे. प्रत्यक्षात राखण करणारा बहुतेक वेळा हवेत बार काढतो. आवाज, धूर आणि गंधकाचा वास, हीच राखण. माकडं हुशार. ती काठी आणि बंदूक ओळखतात, आणि हातात बंदूक नसलेला माणूसही बरोबर ओळखतात. लोकसभेच्या वेळी १६ मार्चला आचारसंहिता लागली, निकाल ४ जूनला, आणि जमा बंदुका परत मिळायच्या त्या निकालानंतर आठवड्याने. काजूचा आणि आंब्याचा हंगाम संपूर्ण त्यात गेला. विधानसभेची निवडणूक आली की भातकापणी. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट सगळ्यांच्या बंदुका घेऊ नका, छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, असं म्हटलेलं आहे. छाननी म्हणजे कागद, कागदापेक्षा सरसकट सोपं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. राखणीच्या परवान्यावर रात्री रानात पारधीला जाणारे आहेत. झुडूप हललं, डुक्कर समजून बार काढला आणि सोबतचा माणूस पडला, ही बातमी कोकणात दर एक-दोन वर्षांनी वाचायला मिळते. त्यातला मारणारा बहुधा मेलेल्याचा मित्र असतो. दारू पिऊन भांडण, भिंतीवर बंदूक. जिथे ती भिंतीवर नसते तिथे ते भांडण सकाळी संपतं. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली (मूळ विधेयकात एकच होतं), परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली आणि लग्नावरातीतल्या हर्षबारांना दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड लावला. २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं. यातलं काहीच चुकीचं वाटत नाही. फक्त गज नळीत सोडून कान देणारा माणूस कोणत्या वर्गात शिकला, असा प्रश्न मनात येतो.

शेजारी कर्नाटकात कोडगूचे लोक आणि तिथले जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमिनींचे धारक इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सुटलेले आहेत. सध्याची सूट २०२९पर्यंत आहे आणि २०२१मध्ये उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ते सप्टेंबरात कैलपोळ्दला, म्हणजे त्यांच्या हत्यारांच्या सणाला, बंदुकीला फुलं वाहतात, आपण खंडेनवमीला कोयत्यापासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला झेंडू लावतो. तिथे सूट आणि इथे रांग, याचं कारण शोधायला गेलं तर सावंतवाडीचा शेतकरी आणि मडिकेरीचा कॉफीवाला यांत कोण जास्त भरवशाचा, असल्या प्रश्नापाशी येऊन थांबायला होतं. इंग्रजांनी ज्यांना निष्ठावंत ठरवलं, त्यांचा तो ठसा अजून पुसलेला नाही, एवढंच. अमेरिकेतल्या नातेवाइकांशी या विषयावर बोलताना म्हणूनच तारा जुळत नाहीत. तिथला वाद हक्क की बंदी. इथे हक्क नाहीच, बंदीही नाही. एक लाल शिक्क्याचं पुस्तक आहे आणि ते दर पाच वर्षांनी कोणापुढे तरी ठेवायचं असतं. इथल्या म्हाताऱ्यांचे मुलगे मुंबईला चाकरीला आहेत. वारसाचं नाव लावायला यायला त्यांना रजा नसते, आणि बापामागे बंदूक ठाण्यातच जमा होते ती कायमची.

पडवीत हवालदाराने शेवटी पुस्तक मागितलं. पान उलटलं, एस.बी.एम.एल. वाचलं, नळीत एक डोळा घातला. तिच्यात काही दिसत नाही, निव्वळ अंधार आणि ओठाशी तेलाची एक कडी. मग 'रायफल'वर आडवी रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं केली आणि वर लिहिलं : ठासणीची बंदूक, १ नळी. म्हाताऱ्याने सही केली. पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने घोड्याला बांधला गेला, आणि बंदूक आतल्या खोलीत भिंतीला टेकवून उभ्या असलेल्या तीस-चाळीस बंदुकांच्या ओळीत गेली. सगळ्यांची तोंडं वर.

"तोंड खाली करून ठेवा हां ती," म्हातारा दारातून म्हणाला. "तेल दस्त्यात उतारता मगे. लाकूड कुजता."

हवालदाराने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बंदुकीकडे. मग आत जाऊन ती उलटी केली.